सुमीने मारावं म्हणून

"मार तिला. जोरात मार."

गुरुजी माझ्या धाकट्या बहिणीला सांगत होते. मारायचं होतं मला.

तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर दोन वर्ग एकाच खोलीत बसायचे. मी चौथीत, सुमी दुसरीत. मला वाचता यायचं नाही. अक्षरं हलायची, ओळ सुटायची. गुरुजींचा नियम होता, ज्याला धडा आला त्याने न येणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची. स्वतः डहाणूहून मोटारसायकलवर यायचे आणि खुर्चीत बसून मजा बघायचे. "तुम्हा जंगलातल्यांच्या डोक्यात दगडच भरलेत," म्हणायचे. पोरंही हसायची. आमचीच पोरं.

त्या दिवशी मी पहिल्याच ओळीला अडकले. सुमीने माझा धडा घडाघडा वाचला. तिला पुढे बोलावलं. तिने माझ्या गालाला नुसता हात लावला.

"असं नाही. असं!" म्हणत गुरुजींनी तिच्याच थोबाडीत दिली. ती फळ्यावर आपटली. ओठ फुटला, रक्त गणवेशावर सांडलं.

"आता मार."

सुमी हुंदके देत म्हणाली, "नाय मारायची मी. मोठी बहीण हाय माझी."

त्यांनी पुन्हा हात उगारला. माझं डोकं फिरलं. मी तो हात धरला आणि कडकडून चावले. तोंडात रक्त आलं. त्यांनी केस धरून माझं डोकं भिंतीवर आपटलं, पोटात लाथ घातली. मी सोडलं नाही. "जनावर आहे ही, जनावर!" ते किंचाळत होते. तेव्हा कळलं, हा माणूस घाबरतो. इतकी वर्षं मी उगाच थरथरत होते.

निरोप मिळताच आई चिकूच्या वाडीतलं काम टाकून धावत आली. गुरुजी म्हणाले, "पोरीला पाया पडायला सांग."

आईने सुमीचा ओठ पदराने पुसला. "नाय पडायची," एवढंच बोलली.

पुढे कासा गावाकडच्या वसतिगृहात एका बाईंनी मला वाळूत बोटाने अक्षरं गिरवायला लावली. महिनेच्या महिने. एकदाही ओरडल्या नाहीत. मी वाचायला शिकले. आता वाचनात अडकणारी पोरं माझ्याकडे येतात. काही शिक्षक अजून सांगतात, "थोडा धाक हवाच." धाकाने माझा उजवा कान गेला. अक्षर एकही आलं नाही.

माझ्याकडचं पोर एका ओळीवर वर्षभर अडकलं तरी मी त्याच्याशेजारी बसेन. पण त्याच्यावर हात टाकणाऱ्याला मी समजावत बसणार नाही. भर वर्गात, पोरांदेखत त्याची कॉलर धरीन आणि फरफटत पोलीस ठाण्यात नेईन.