ग्रहणात चिरलेले मासे

धाकटा भाऊ लहानपणापासून आजारी. सांधे सुजायचे, डोळे पिवळे पडायचे. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली म्हणून पनवेलजवळच्या एका भगताने त्याच्या पोटावर डागण्याही दिल्या. आजाराचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो पोटात असताना आईने ग्रहणात मोरलीवर, म्हणजे विळीवर, मासे चिरले होते. ठेवले असते तर नासले असते. आत्या दर सणाला सुनवायची, "तुला धीर धरवला नाय, वयनी. भोगतंय ते पोर." बाबा गप्प बसायचे. आईही.

मी घरातला पहिला पदवीधर. साठच्या दशकात मुंबईला बी.एस्सी. करताना सरांनी शिकवलं, की रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत कोणता मणी कुठे ओवायचा हे जनुकात लिहिलेलं असतं. त्यातलं एकच अक्षर बदललं, की सहावा मणी बदलतो. मग प्राणवायू कमी पडला, की रक्तपेशी वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात. सर सांधेदुखीबद्दल बोलत होते आणि मला भाऊ दिसत होता. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याचं रक्त तपासलं. आजार तोच निघाला. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

घरी येऊन मी आईला उत्साहाने सांगितलं, "त्याच्या रक्तातल्या गोल टिकल्या विळ्यासारख्या होतात."

तिचा चेहरा उतरला. "मंजे मोरलीचीच खूण. वन्सं खरंच बोलत व्हत्या."

शिकून मी तिचं ओझं वाढवलं होतं. पुढच्या रविवारी आईबाबांना कॉलेजात नेलं. सरांनी दोघांच्या बोटांतून एकेक थेंब काचपट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेवून हवा लागू नये म्हणून कडा बंद केल्या. काही वेळाने दोन्हींत वाकड्या पेशी दिसू लागल्या.

"बदललेलं अक्षर मुलाला दोघांकडून आलं," सर म्हणाले. "तुमच्यात ते एकेकच आहे, म्हणून तुम्ही धडधाकट. गर्भ राहिला तेव्हाच हे ठरलं. ग्रहणाचा संबंध नाही."

बाबा सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिले. "ह्यो माझा रगत?"

"तुमचंच."

त्यानंतरच्या सणाला आत्याने पुन्हा विषय काढला. बाबांचा हात ताटात थांबला.

"ताई, मी काय चिरला व्हता गं ग्रहनात?"

"तू? तू कशाला चिरशील?"

"मंग माझ्या रगतात कुठनं आला? अर्धा दुखना माझ्याकडनं हाय. हिला नाय, आता मला बोल."

आई वाढता वाढता थांबली आणि चुलीपाशी जाऊन कितीतरी वेळ पाठमोरी बसून राहिली.