माइकला ऐकू आलेला फरक

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवली, पण स्वतःचं असं काही कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. म्हणून परवा दुपारी झोपायच्या खोलीत ॲम्प्लिफायर मांडला, त्याच्या जाळीसमोर माइक उभा केला आणि एक धून वाजवली. मग माइक चार बोटं बाजूला सरकवून तीच धून पुन्हा वाजवली. माइक मधोमध असला की आवाजाला धार येते, कडेला नेला की आवाज मऊ होतो, हे मीच कितीतरी जणांना शिकवलं आहे.

हेडफोन लावून दोन्ही ऐकल्या. मला त्या अगदी सारख्या वाटल्या. माइकच बिघडला असणार, असं म्हणत मी बायकोला हाक मारली. सुनंदाने डोळे मिटून ऐकलं.

"पहिली कानाला टोचतेय. दुसरी गोड आहे," ती म्हणाली. "केवढा फरक आहे हो."

केस पिकले की आरसा सांगतो, दात किडला की ठणकतो. कान मात्र काही न कळवता जातो. एकेक बारीक आवाज गळत राहतो आणि आपल्याला वाटतं, हल्ली जरा शांतता आहे. आपल्याकडे चिमण्या राहिल्या नाहीत, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो.

"मग यातली कुठली ठेवायची?" तिने विचारलं.

ते मला आता कधीच ठरवता येणार नव्हतं. "तुला आवडेल ती," मी म्हणालो.

ती खूश झाली. इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल मी तिचं मत कधी विचारलं नव्हतं.