आईने फुगा दाबला होता

घंटा वाजली. एमआरआय यंत्राच्या बोगद्यात माझी आई होती. तिनं हातातला रबरी फुगा दाबला होता. त्रास झाला की दाब, लगेच बाहेर काढते, असं मीच तिला सांगितलं होतं.

सरांनी, माझ्या गाईडनी, काचेपलीकडे पाहिलंही नाही. "चुकून दाबला असेल. चालू राहू दे."

मग माझ्याकडे वळून हसले. "तुमच्या लोकांना सहन करायची सवय असते, डॉक्टर. म्हणून तर म्हटलं, गावाकडची माणसं आणा."

तुमच्या लोकांना. हे शब्द मी शाळेपासून ऐकत आले. पाण्याच्या टाकीपाशी, वसतिगृहात, ॲडमिशनच्या रांगेत. दर वेळी गिळले. वाटायचं, एकदा डॉक्टर झाले की ऐकावे लागणार नाहीत. किती खुळी मी!

विद्यापीठाच्या त्या रुग्णालयात सरांचं एमआरआयवर संशोधन चाललं होतं. निरोगी माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा हव्या होत्या. सरांच्या घरातलं कुणी आलं नाही. विभागातल्याही कुणाच्या घरातलं नाही. माणसं आणायची मी, आणि माझ्या प्रबंधावर सही करणार सर. माझ्या शब्दाखातर सणसरचे मामा-मामी येऊन गेले. मग निरवांगीहून आई आली, बारामतीला एसटी बदलून. जोडवी, डोरलं काढून तिनं रुमालात बांधलं, माझ्याकडे दिलं. सरांपुढं आपला हात करून विचारलं, "सायेब, गोंदलेलं हाय. चालंल का?"

गोंदण कधीकधी यंत्रात तापतं. आधी नीट तपासायचं असतं. मी तसं म्हणालेही. सर म्हणाले, "मला शिकवू नका. झोपवा त्यांना."

घंटा पुन्हा वाजली. आता थांबेचना. आई फुगा सोडतच नव्हती.

"सर, बंद करते."

"शेवटचाच भाग राहिलाय. बंद केलंत तर सगळं वाया. तुमचा प्रबंधसुद्धा."

प्रबंध नाही तर डिग्री नाही. याच डिग्रीसाठी आई जन्मभर लोकांच्या उसात खुरपत राहिली. आणि तीच आत घंटा वाजवत होती. मी यंत्र बंद केलं. धावत आत गेले.

आईनं फुगा अजून सोडला नव्हता. गोंदणाभोवतीची कातडी लालभडक. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "चुकलं का गं माझं? तुझं काम आडलं न्हवं?"

तिथंच हमसून रडले मी. हात भाजला तिचा आणि माफीही तीच मागत होती. सहन करायची सवय म्हणतात ती हीच. कुणी लावली तिला ही सवय?

सर दारात आले. "उद्या दुसरी माणसं आणा. हे विसरून जाऊ."

"आणणार नाही."

"मग गाईड दुसरा शोधा. बघू कोण घेतंय."

कुणी घेतलं नाही. सगळी दारं ठोठावून झाली. सोबतचे डॉक्टर मला बघून बोलणं थांबवायचे. झोप उडाली, अन्न जाईना. एकदा तर सरांच्या केबिनपर्यंत गेले, पाय धरायच्या तयारीनं. दार आतून बंद होतं म्हणून माघारी फिरले. इतकी हरले होते.

गावी आले. आई भाकरी थापत होती. हातावरचा डाग काळा पडला होता.

"आई, डिग्री जाईल बहुतेक."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. उलटली. मग म्हणाली, "माझ्या डोस्क्याचं फोटू त्येच्याकडंच हायेत न्हवं?"

"हायेत."

"ते माघारी घे. त्येला न्हाय द्यायचं मला."

संमतीपत्रात तसं लिहिलेलंच होतं. सहभागी माणूस कधीही माघार घेऊ शकतो. मी ते तिला घाईघाईत वाचून दाखवलं होतं. तिनं मात्र नीट ऐकलं होतं.

उद्या आम्ही दोघी जाणार आहोत. संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीपुढं आई बोलेल, हात पुढं करून. तिच्या प्रतिमा आमच्यासमोर पुसायला लावणार. मग सणसरला जाऊन मामा-मामींना सांगणार, तुम्हालाही नको म्हणता येतं. सही मिळणार नाही, हे मला माहीत आहे. त्या केबिनच्या दारात मी पुन्हा उभी राहणार नाही.

माझ्या आईचा मेंदू त्यांना मिळणार नाही. आणि माझी झुकलेली मानही.