डाव्या हाताचं काम

सदर इसम पुरुष, वय एकसष्ट, बांधा मध्यम, व्यवसाय केशकर्तन. मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्याने अर्धांगवायूचा झटका. बाधित बाजू डावी. उजवी बाजू पूर्णपणे कार्यक्षम. बोलणे समजण्याजोगे. वागणूक सहकार्याची, अधूनमधून हट्टी. घरगुती सरावासाठी मनगटी उपकरण, नग एक, चार्जरसह, परतीच्या बोलीवर दिले.

पुनर्वसन केंद्राच्या या वर्णनातला 'अधूनमधून' हा शब्द सोडला, तर त्याच्या बायकोची कशालाही हरकत नाही.

गल्लीत त्याला सगळे कारागीर म्हणतात. सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि कारागीर एक. दुसरी खुर्ची फुकट वर्तमानपत्र वाचणाऱ्यांसाठी. झटका आला तोही तिथेच. मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची, दाढी चालली होती. त्याला आरशात आपल्या अर्ध्या दाढीच्या वर कारागिराचं तोंड एका बाजूला उतरलेलं दिसलं. तो फेसासकट उठला आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे वाक्य मेहुणा अजून चारचौघांत ऐकवतो.

चालणं परत आलं, बोलणं आलं. डावा हात मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा राहू लागला: घरात आहे, पण कशात नाही.

दाढीत वस्तरा चालवतो तो उजवा हात. पण डाव्याने कातडी ताणून धरली नाही, तर वस्तरा गालावर चालत नाही, गालात चालतो. आणि आपली डावी बोटं किती दाबताहेत हेच कारागिराला कळेना. चहाचा कप त्याने दाबला आहे की सोडला आहे, हे कप फुटल्यावर समजे. कात्रीवर दुकान चालेल, असं लोक सांगत. तो मान हलवी. ज्याच्यापुढे माणूस डोळे मिटून गळा उघडा टाकत नाही तो कसला कारागीर, हा प्रश्न त्याने कुणाला विचारला नाही. जेवण मात्र निम्म्यावर आलं.

केंद्राने दिलेल्या मनगटी पट्ट्याचं काम सोपं होतं. हात बराच वेळ स्वस्थ राहिला की तो मनगटावर थरथरे, आणि दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीच्या फोनवर हालचालीचा आलेख खाली येई. घरात त्याचं नाव सासू पडलं.

"माझी गेली, आता तुम्हाला आली," बायको म्हणाली. "कळेल हळूहळू."

"तुझी दुपारची झोपायची तरी," कारागीर म्हणाला.

मुलीचा फोन ठरलेला. "बाबा, हात नुसता पडलाय."

"पेपर वाचतोय."

"मग पान डाव्या हाताने उलटा ना."

"पान उलटण्यासारखं काही छापतच नाहीत."

केंद्रातल्या फिजिओ मॅडमचं म्हणणं, पट्टा अंघोळीखेरीज काढायचा नाही आणि हाताला त्याचं नेहमीचं काम द्यायचं. वस्तरा मात्र आधी फुग्यावर. या धंद्यात शिकाऊ लोक फेस लावलेल्या फुग्यावरच हात बसवतात. एकसष्टाव्या वर्षी कारागीर पुन्हा शिकाऊ झाला. प्रत्येक आवाजाला बायको स्वयंपाकघरात दचके, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी वाढदिवस कुणाचा म्हणून चौकशी केली. हळूहळू फुगे फुटेनासे झाले. मॅडम म्हणाल्या, आता घरचंच एखादं तयार माणूस बघा.

तयार माणूस म्हणजे मेहुणा. तो मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. शिकाऊ माणसाच्या हाती जीव देऊन शांत बसणं हाच त्याचा पोटाचा उद्योग.

"दाजी, मला फुगा समजा," सलूनच्या खुर्चीत मान टेकवत तो म्हणाला.

"फुगा बोलत नाही. गप्प बस."

गाल निभावले. मग गळा आला. डावी बोटं हनुवटीखाली कातडी धरून होती. सरकत होती ती बोटभर, तीही इतकी सावकाश की पट्ट्याच्या हिशेबी ते हलणं नव्हतंच. पट्टा थरथरला. ऐन गळ्यावर वस्तरा असताना हे व्हायचं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. हात काढावा, तर बोटांना ती जागा पुन्हा सापडेल याचा भरवसा नव्हता. त्याने हात तिथेच ठेवला. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला.

मेहुण्याने आरशात पाहिलं. कारागिराचं तोंड सरळ होतं. "दाजी, थरथरतंय," तो ओठ न हलवता म्हणाला.

"मी नाही. सासू."

"मग चालू द्या."

फळीवर फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिकडे मुलीसमोर आलेख जमिनीला टेकला होता आणि बाबा फोन उचलत नव्हते. तिने आईला फोन लावला. "आई, बाबांचा हात थांबलाय. धाव."

बायको होती तशी निघाली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात त्याची. चालता चालता भावाला फोन लावला. त्याचा फोन खिशात, खिसा सलूनच्या कापडाखाली, तोही उचलेना. मागच्या वेळी निदान भावाने कळवलं होतं. औषधांच्या दुकानदाराने हटकलं, "काय वहिनी, घाईत?" तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा आपल्यालाही झटका आला अशी तिची खात्री झाली.

सलूनच्या दारातून तिला दोघंही गडी पुतळ्यासारखे दिसले. एकाची मान मागे, डोळे मिटलेले. दुसरा त्याच्यावर वाकलेला.

"अहो," ती किंचाळली.

वस्तरा तोवर गळा उतरून कानाखाली पोचला होता. "आलोच," कारागीर न वळता म्हणाला. "एवढी बाजू राहिलीय."

ती वर्तमानपत्राच्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ नुसती त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मग मुलीला फोन लावला. "दाढी करतायत. मामाची."

"मग हात का हलत नाहीये?"

"हलला असता तर मामा गेला असता."

त्या दिवसाच्या अहवालात केंद्राचा शेरा आला: बाधित हात दीर्घकाळ निष्क्रिय, कुटुंबीयांनी प्रोत्साहन द्यावे. मेहुण्याला कापलं होतं ते एकाच जागी, कानाखाली, बारीकसं. बायको किंचाळली तेव्हा उजवा हात दचकला होता.