तिसरा फर्मा

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे ‘तिसरा फर्मा’ म्हणत. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि पुस्तक कुठलंही असो, तिसऱ्या फर्म्याच्या घड्या तिच्याच हातच्या. हात चालवता चालवता तेवढी पानं ती वाचायची. अख्खं पुस्तक वाचणं हे तिच्या मते गिऱ्हाइकाचं काम.

त्यात भुताच्या प्रेमकथेची एक मालिका होती, भागांमागून भाग निघत होते. पडक्या हवेलीचा मेलेला मालक, त्याच्यावर जीव जडलेली शिक्षिका, आणि त्याच्या पहिल्या बायकोचा खून कोणी केला याचं गूढ. तिसऱ्या फर्म्यात हा मालक हटकून दारं आपटायचा, नोकरांचे गळे धरायचा. खुनी तोच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई ती. आलेली स्थळंही तिने तशीच नाकारली: एक जण चहा फुरफुरत प्यायला म्हणून, दुसरा आईकडे बघून हसला म्हणून. चाळिशी उलटली तशी वहिनीने स्थळं आणणं सोडलं.

समोरच्या टेबलावरच्या विधुराकडे अकरावा फर्मा. त्यात तेच भूत ढसाढसा रडायचं, जळत्या खोलीतून शिक्षिकेला उचलून आणायचं. असा भला माणूस खून करेलच कसा, असं त्याचं म्हणणं. डबे उघडले की दोघांची जुंपायची. सहाव्या भागाच्या वेळी ती त्याला बावळट म्हणाली, आणि तो डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसला. तेव्हापासून अबोला. घरी तिच्याशी कोणी वाद घालत नसे, नुसतं हो ला हो. त्यामुळे डब्याच्या वेळचं हे भांडण बंद पडल्यावर तिला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पण माफी मागायची म्हटलं की ती पुढचा गठ्ठा ओढून घड्या घालायला लागायची.

सातव्या भागात कहरच झाला. तिसऱ्या फर्म्याच्या शेवटी भुताने लग्नाचं विचारलं, शिक्षिकेने तोंड उघडलं, आणि पान संपलं. चौथ्या फर्म्याची बाई रजेवर, तिचा गठ्ठा नेमका विधुराच्या टेबलावर. दुपारपर्यंत तिने कळ काढली. मग उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“ती काय म्हणाली?”

त्याने मान वर केली नाही. “तुम्ही काय म्हणाला असता?”

तिने उभ्या उभ्या विचार केला. नवरदेव मेलेला, हवेलीत काळोख, वर खुनाचा संशय. “आधी घर दाखवा म्हणाले असते.”

“माझ्या दोन खोल्या आहेत,” तो म्हणाला. “उजेड चांगला येतो.”

त्याचे कान लाल झाले होते. तिला एवढा आनंद झाला की तिची तिलाच भीती वाटली.

“रविवारी वहिनीला घेऊन येते,” ती शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाली. “सगळं उघडून बघणार. मगच काय ते सांगेन.”

“माळ्यावर पसारा आहे,” तो घाबरून म्हणाला.

“असू दे. राहायला आले की आवरीन.”

सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. घर बघायचं अजून राहिलंच होतं.