पणजी मतदारसंघाची जीप

भुताखेतांशी माझं कधीच जमलं नाही. मुरगाव बंदरात क्रेनवर जन्म काढलेला माणूस मी. गावाकडे राखणदार देवचाराला रोट आणि विडी ठेवतात, त्यातली विडी मी पोरवयात उचलून ओढलेली आहे... कोणी विचारायला आलं नाही. तरीही हे लिहितोय. बायकोलासुद्धा मी यातलं अर्धंच सांगितलंय.

गाव पेडणे तालुक्यातलं, मोपाच्या सड्याखाली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यावरून एकच रस्ता वाकडातिकडा खाली उतरतो आणि पिंपळाखाली शंभूच्या दुकानापाशी येतो. मागे देऊळ, देवळाच्या पलीकडे माझ्या मामाचं घर. गावाचं नाव देत नाही. मामी अजून तिथेच आहे.

तेव्हा लोकसभेच्या आमच्या मतदारसंघाचं नाव पणजी होतं. मुक्तीनंतर गोव्याच्या वाट्याला दोन जागा आल्या, एक पणजी आणि एक मुरगाव. पेडणे, डिचोली, सत्तरी हा सगळा रानामाळाचा मुलूख पणजीत. ज्यांनी पणजी फेरीबोटीतून एखाद्या वेळीच पाहिलेली, तेही 'पणजीचे मतदार'. मामा म्हणायचा, "मत आमचें, नांव पणजेचें. लग्न आमचें, व्हंकल शेजाऱ्याची." व्हंकल म्हणजे नवरी. मुक्तीनंतरच्या पहिल्या मतदानाला लोक जत्रेसारखे नवे कपडे घालून गेले होते, हे तो फार प्रेमाने सांगायचा.

मामा गावचं गाऱ्हाणं घालायचा. देवापुढे नारळ ठेवून तो गावाच्या वतीने बोलायचा आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणायचे. इलेक्शन आलं की गावकरी एकत्र बसून मत कोणाला द्यायचं ते ठरवायचे, नारळ ठेवायचे, आणि मामा देवाला तसा शब्द द्यायचा. तो शब्द मोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही.

मी विशीत होतो, बेकार होतो. आवाज बरा म्हणून डिचोलीच्या रघुवीर नावाच्या ट्रकवाल्याने मला प्रचाराच्या जीपवर माईकसमोर बसवलं. आमचा उमेदवार अपक्ष. मामाच्या गावाने नारळ ठेवलेला दुसऱ्याच्या नावाने. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सड्यावर जीप थांबवून रघुवीर म्हणाला, "सांग, समोरच्यान माघार घेतली. आनी तुजो मामा आतां आमचेवांगडा आसा."

मी माईकवर हात दाबून विचारलं, "मामाचं नाव घ्यायलाच पाहिजे?"

"मामाच्या नांवाबगर कोण मानतलो? तुका बंदरार लावपाचो न्हय?"

बंदरात नोकरी लावून द्यायचं त्याने कबूल केलं होतं. मी नाव घेतलं. जीप उतारावरून खाली येत होती आणि मामा आमच्या बाजूला आलाय, हेच मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. मामा अंगणात उभा होता. त्याने हातातली कोयती खाली ठेवली आणि जीप पुढे जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

सख्खा भाचा सांगतोय म्हटल्यावर गावाने ते खरं धरलं. मामाने देवापुढचा शब्द विकला, असंच झालं. आमचा उमेदवार आपटला तो आपटलाच, पण मामाकडचं गाऱ्हाणं गेलं. त्याच्या दारातल्या लग्नाला माणसं आली नाहीत. शिमग्याचं रोमट, ती ढोलताशांची मिरवणूक, त्याचं अंगण टाळून पुढे जायला लागलं. 'पोर खोटं बोललं' एवढं जरी तो म्हणाला असता... पण नाही म्हणाला. मला बंदरात नोकरी लागली होती. मी चतुर्थीला जायचो, तो गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचा. तसाच गेला. तिरडीला खांदे कमी पडले, तेव्हाही माझ्या तोंडातून काही निघालं नाही.

पुढे मतदारसंघांची फेररचना झाली. पणजी हे नाव गेलं, उत्तर गोवा आलं. रघुवीर वारला. जीप त्याच्या मुलांनी भंगारात घातली. मी ती कापताना पाहिली आहे.

त्यानंतरच्या एका इलेक्शनच्या दिवसांत मी मामीला भेटायला निघालो. काजूचा हंगाम, भर दुपार. स्कूटर शंभूच्या दुकानापाशी आली. हा शंभू त्या इलेक्शनपासून मामाच्या घराशी कधी बोलला नव्हता. त्याने हात करून मला थांबवलं आणि न मागता लिंबूसोडा पुढे केला.

"काल आयकलें तुजें," तो म्हणाला. "इतलीं वर्सां तोंडांत गुळणी धरून बसलेलो, मरे?"

"काय ऐकलंस?"

"आतां आनी नाटकां नाका. काल सांजे जीप सड्यावेल्यान देंवली. भोंगो फाटलेलो. 'पणजी मतदारसंघातल्या मतदार बंधू-भगिनींनो' म्हणलें तुवें. आमी हांसले, म्हटलें, याका कोणी सांगूंक ना दिसता, पणजी गेली ती. मागीर तुवें मामाचें नांव घेतलें."

"काय म्हणालो मी?"

शंभूने माझ्याकडे नीट पाहिलं. "मामान शब्द मोडूंक ना, आपणें फट मारली, खोटें सांगलें, नोकरेखातीर. माईकार हात धरून त्या ट्रकवाल्याक विचारलें, मामाचें नांव घेवंकच जाय? आनी तरी घेतलें. इतलें सांगपाक कित्याक रे इतलो वेळ?"

सोडा माझ्या हातात तसाच राहिला. माईकवर हात दाबून विचारलेलं मला आणि रघुवीरला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मी बंदरात ड्युटीवर होतो, क्रेनवर, चार माणसांच्या डोळ्यांसमोर.

"जीप पाहिलीस?"

"धुळो पळयलो. जीप तुमच्या घराकडल्यान गेली न्हय?"

तिथे दोन-तीन गिऱ्हाईकं होती, त्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी ऐकलेलं, गाडी पाहिलेली एकानेही नाही.

मामी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. "आयलो?" म्हणाली. "बस. गांवकार सकाळीं येवन गेले. जत्रेच्या गाऱ्हाण्यांत तुज्या मामाचें नांव घेवपाचें म्हणून सांगलें. हांव पोरसांत आसलें काल. तुजो आवाज वळखलो."

मला एक पळवाट सुचली. म्हटलं, कोणी जुनी टेप लावली असेल. तसं म्हणालोही.

"न्हय रे. तेन्नाचो आवाज कोंवळो आसलो. कालचो म्हाताऱ्याचो." तिने हात पुसले. "रडटालो तूं. तुवेंच सांगलें न्हय, पुता?"

मी म्हणालो, "व्हय."

तिने आत जाऊन पेज वाढली, बरोबर खारातला आंबा. मी जेवलो. ती समोर बसून बघत होती, इतकं हलकं तोंड मी तिचं मामा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

जत्रेला गेलो. मामाचं नाव गाऱ्हाण्यात घेतलं गेलं, माणसं माझ्याशी चांगली बोलली. एक म्हातारा म्हणाला, "उशिरां पूण सांगलें. खूप जण तेंय सांगनात." मी हात जोडले आणि तिथून लवकर निघालो.

नकलाकार म्हणावा, तर ती आतली गोष्ट त्याला कोणी सांगितली? मला भ्रम झाला म्हणावं, तर ऐकणारे ते, मी नाही. मी डॉक्टरला विचारलं, एका भटजीला विचारलं. भटजी म्हणाले, काम झालं ना, मग कशाला उकरता? स्कूटरवरून जाताना मागे भोंगा वाजला की मी बाजूला थांबतो आणि गाडी पुढे जाईपर्यंत तिचे शब्द ऐकतो.

पण माझी झोप जाते ती वेगळ्याच गोष्टीने. ते मी बोललो नव्हतो. गावाने मला माफ केलं ते न बोललेल्या शब्दांसाठी, आणि मामीला मी पुन्हा एकदा, समोर बसून, खोटंच सांगितलं. म्हणून यावेळी माझ्या हाताने लिहितो: मामाने शब्द मोडला नव्हता. मी खोटं बोललो होतो. दोनदा.

मामीला वाचता येत नाही. शंभूला येतं, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. हे त्याच्या हाती पडलं की तो तिला सांगेल. सांगू दे.