काकूंच्या बाजूचं चाक

मुरारीतात्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, तीही साधी नाही. जुनी, पण पाय ठेवला की पाठ सीटला चिकटवणारी सेडान. निघोज्यात त्यांच्या वयाची माणसं उंच, ऐसपैस गाड्या घेतात. तात्यांना वेग लागतो. एके काळी शर्यतीच्या घाटात त्यांचा बैलगाडा पळायचा, ती खोड गेली नाही. मी त्यांचा पुतण्या, आदिनाथ. गाडीचं काही दुखलं की सुट्टीच्या दिवशी मलाच धरून नेलं जायचं, म्हणून हे सांगायचा हक्क माझा.

दुखणं असं: ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची आणि स्टिअरिंग हातातून निसटू बघायचं. एकदा चाकणच्या रस्त्यावर तात्यांनी जोरात ब्रेक मारला आणि गाडी थेट उभ्या ट्रेलरकडे वळली. वीतभर अंतर राहिलं, तेही शेजारी बसलेल्या पुतळाकाकूंच्या दाराकडून. काकू किंचाळल्या. तात्याही घाबरले होते, पण तसं कबूल करणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणाले, "तू वरडलीस म्हनून माजा हात हालला."

त्यानंतर काकू त्या गाडीत बसल्याच नाहीत. माहेरी, दवाखान्यात, लग्नाला, सगळीकडे बसने. तात्या शेजारची रिकामी सीट घेऊन एकटेच फिरायचे. खरं सांगतो, मला दोघांचाही राग यायचा, आणि वाईटही वाटायचं.

"गाडी सरळ चालली की बसंल ती," एवढंच तात्या धरून होते. मग डावी बाजू दुरुस्त करायचा सपाटा सुरू झाला. डावे ब्रेक पॅड, डावी डिस्क, डावा टायर, नंतर अलाइनमेंट. कोणी मेकॅनिक म्हणाला की उजवंही खोलून बघू, तर तात्या उसळायचे. "जोडीतला जो बैल मागं ऱ्हातो, गाडा त्याच्याच अंगावर जातो. मला शिकवतो व्हय?" गाडी ओढतच राहिली.

शेवटी मी त्यांना चिंचवडला माझ्या ओळखीच्या कुलदीपकडे नेलं. त्याने रिकाम्या रस्त्यावर गाडी फिरवली, पुन्हा पुन्हा कचकचून ब्रेक मारले आणि उतरून म्हणाला, "तात्या, पुढच्या चाकांजवळ हात धरा. टेकवू नका."

डावीकडे चांगलीच धग लागली. "हेच!" तात्या म्हणाले. "हेच बिघाडलंय. मागं ऱ्हानारा बैल ह्योच."

"नाही तात्या, हे एकटंच राबतंय. आता उजवं बघा."

उजवं चाक जवळजवळ गार होतं. ते उतरवल्यावर दिसलं, ब्रेकचा पिस्टन गंजून अडकला होता. पॅड डिस्कला धड दाबलेच जात नव्हते.

"बैलाचं तुमचं बरोबर आहे," कुलदीप म्हणाला. "पण ते ओढताना. थांबताना उलटं होतं. जे चाक थांबत नाही तेच पुढं पळतं आणि गाडीला दुसऱ्या बाजूवर लोटतं."

तात्यांनी वाकून त्या गंजलेल्या पिस्टनला बोट लावलं. ती त्यांचीच बाजू होती, स्टिअरिंगची.

काम झालं. ब्रेक मारून पाहिले तर गाडी सरळ रेषेत थांबली. परतताना निघोजे फाट्यावर काकू दिसल्या. बहिणीकडे जायला बसची वाट बघत होत्या. तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरले. मी मुकाट्याने मागच्या सीटवर गेलो.

"गाडी नीट झाली," तात्या म्हणाले.

काकू रस्त्याकडेच बघत राहिल्या.

"खोट माज्या बाजूला व्हती."

"गाडीची?" काकूंनी विचारलं.

तात्यांची मान खाली गेली. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"गाडीची बी," ते म्हणाले.

तेवढ्यात बस आली, थांबली. काकूंनी कंडक्टरला हातानेच जा म्हटलं.